फडके आणि फुंकर

दिवाळीची साफसफाई सुरू झाली, की आमच्या घरात माझ्या हाती कुणी फडके देत नाही. सौभाग्यवतींचा तसा दंडकच आहे! माझ्या आळसाला तो सोयीचा, हे कबूल. पण त्याचे मूळ एका जुन्या अपराधात आहे.

तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. चिंच नि राख लावून समया घासण्याचे काम माझ्याकडे होते. त्या भरात वडिलांच्या कॅमेऱ्याकडे लक्ष गेले. भिंगावर जांभळट झाक दिसली. मला वाटले, डाग! हातातल्याच फडक्याने मी भिंग खसाखसा घासले.

तो डाग नव्हताच. काचेवरून परतणारा प्रकाश कमी व्हावा म्हणून भिंगावर मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या द्रव्याचा थर देतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी! त्याचीच ती झाक. साध्या धुळीतही काचेहून कठीण असे वाळूचे कण असतात. माझ्या फडक्यात तर राखही होती.

वडील रागावले नाहीत. भाऊबीजेला आई मामांना ओवाळत असताना त्यांनी त्याच कॅमेऱ्याने फोटो काढला. तो धुऊन आला, तेव्हा निरांजनाचा उजेड धुक्यासारखा पसरला होता आणि आईचा चेहरा त्यात अर्धा विरून गेला होता. पुढच्या भाऊबीजेला आई नव्हती.

परवा माझी लेक नवा कॅमेरा घेऊन ओढणीच्या टोकाने भिंग पुसू लागली. मी ओरडलोच! मग तिला जवळ बसवून सांगितले : भिंगाचे तोंड खाली करून आधी रबरी फुग्याने वारा घालावा. चिकटून राहिलेली धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. बोटाचा ठसा उरलाच, तर भिंगाचे मऊ, स्वच्छ कापड घ्यावे. द्रावणाचा थेंब कापडावर टाकावा, भिंगावर नव्हे. आणि मधून कडेकडे, हलक्या हाताने गोल फिरवीत पुसावे.

“आणि तरी एखादा कण राहिला तर?”

“राहू दे. एवढासा कण फोटोत दिसत नाही.”

तिची नजर भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे गेली. ‘हा असा पुसट का?’ हे तिने आजवर कितीदा तरी विचारले होते, आणि मी दर वेळी फोटो जुना असल्याचे सांगितले होते.

या खेपेला मात्र मी तिला खरे ते सांगून टाकले.