रेंज नाही, चालेल?

वीकएण्डला कुठं जायचं, हा प्रश्न पुण्यात शुक्रवारी दुपारी चार वाजता पडतो. तोवर लोणावळा फुल्ल झालेलं असतं, महाबळेश्वरला वेण्णा लेकपासून गाड्यांची रांग लागलेली असते आणि ‘अलिबाग?’ असं विचारणाऱ्याकडे ग्रुपमधलं कुणी वळूनसुद्धा बघत नाही. आमच्यात या वेळी कुणीतरी चांदोलीचं नाव काढलं. ‘म्हणजे कोल्हापूरकडे?’ ‘नाही, सांगली.’ ‘सांगलीत डोंगर आहेत?’

आहेत की! सांगली म्हटलं की आपल्याला हळद, द्राक्षं, नाटकं आणि कृष्णेचा पूर एवढंच आठवतं. पण या जिल्ह्याचं पश्चिम टोक, म्हणजे शिराळा तालुका, थेट सह्याद्रीच्या कण्याला जाऊन भिडतं. तिथं वारणा नदीवर धरण आहे, धरणामागे वसंत सागर हा चौतीस टीएमसीचा जलाशय आहे आणि त्याच्याभोवती सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं चांदोलीचं जंगल आहे. १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०१० मध्ये चांदोली आणि उत्तरेचं कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. ११६५ चौरस किलोमीटरचा. आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचे जे तुकडे गेले, त्यांत कोयना आणि चांदोली दोन्ही आहेत. एवढं सगळं पुण्यापासून पाच-सहा तासांवर आणि आपण अजून टायगर पॉइंटला कणीस खातोय!

राहण्याची सोय एका ओळखीच्याच्या ओळखीतून झाली. धरणाच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या हद्दीला लागून एका कुटुंबानं पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्यात. फोन लावला तर काका म्हणाले, ‘रेंज न्हाय बरं का हितं. चालंल का?’

‘मग आत्ता कसं बोलताय?’

‘आत्ता मी धरणाकडं आलोय न्हवं!’

बुकिंग कन्फर्म. अॅडव्हान्स नाही, ईमेल नाही, चेक-इन टाइमही नाही. ‘दिवसाउजेडी या,’ एवढीच अट.

हायवेनं कराड ओलांडून पेठ नाक्याला उजवीकडे वळायचं. त्याआधी एका धाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी हाणायची, हा या पट्ट्याचा अलिखित कायदा आहे. काळाभोर, तिखट, वर तर्री. पनीर बटर मसाला मागणाऱ्यांना या भागात कुणी काही बोलत नाही, पण नजर कळते. शिराळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. जानेवारी असल्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्यावर फुल्ल आवाजात गाणी, आणि त्यांच्यामागे आपण सेकंड गिअरमध्ये. कोकरूड, चरण, आरळा. हळूहळू ऊस विरळ होतो, भाताची कापलेली खाचरं दिसू लागतात, डोंगर जवळ सरकतात. आरळा हा शेवटचा बऱ्यापैकी बाजार. पुढं वारणावती, धरणाच्या कामासाठी वसवलेली कॉलनी. मोबाईलवरच्या काड्या एकेक करून गळत जातात. ग्रुपमधल्या एकाचं सोमवारी क्लायंट प्रेझेंटेशन होतं. त्याचा चेहराही काड्यांबरोबर उतरत गेला.

लॉज म्हणायचं ते आपल्या सोयीसाठी. कौलारू घर, शेजारी दोन पत्र्याच्या खोल्या, लोखंडी कॉट, भिंतीवर साखर कारखान्याचं कॅलेंडर. गरम पाणी म्हणजे अंगणातला तांब्याचा बंब. जो आधी उठेल त्यानं तो पेटवायचा. पण ओसरीवर बसलं की समोर काय, तर थेट जंगलाची भिंत. खाली जलाशयाचं पाणी, निळं नाही, करडं. संध्याकाळी त्यावर धुकं उतरायला लागलं आणि आमच्यातली सगळ्यात बडबडी मुलगी चक्क गप्प बसली. मग म्हणाली, ‘काय शांत आहे ना इथं!’

चुलीपुढं बसलेल्या मावशी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘आधी न्हवतं एवढं.’

तेव्हा आम्ही ते सोडून दिलं, कारण समोर ताटं आली होती. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, हिरव्या मिरचीचा खर्डा, भात आणि दूध. रेसिपी विचारली तर मावशींना प्रश्नच कळला नाही.

रात्री अकराच्या सुमारास पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज आला. पाठोपाठ ‘हुर्र... हाऽऽ’ अशा आरोळ्या. आम्ही चौघं खोलीच्या दारात, एकमेकांच्या मागं लपून. काका बॅटरी घेऊन शेताकडे निघाले होते. ‘झोपा तुम्ही, गवं आल्यात.’ बॅटरीच्या झोतात लांब बांधापाशी हिरवट डोळ्यांच्या जोड्या चमकल्या. चार, सहा, मग मोजणं बंद केलं. गवा हा प्राणी फोटोत देखणा दिसतो. हजार किलोच्या घरातलं ते धूड आपल्या हरभऱ्यात उभं असेल, तर देखणेपणाकडे लक्ष जात नाही. काका पहाटे तीनला परत आले आणि सहाला आमच्यासाठी चहा घेऊन हजर. रोजच असतं का हे? ‘पीक उभं हाय तवर.’

सकाळी जंगलात गेलो. वन विभागाच्या नाक्यावर नोंदणी, गाईड बंधनकारक, गाडीतून ठरलेल्या रस्त्यानं जाऊन संध्याकाळच्या आत बाहेर. हे ताडोबा नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. इथं झाडी दाट आहे, प्राणी लाजरे आहेत आणि जिप्सीच्या रांगा नाहीत. आम्हाला दिसलं ते असं : एक भेकर, पाऊण सेकंद. शेकरू, मनसोक्त, उंच फांद्यांवर त्याची घरटीही. सांबराची मादी. अस्वलानं फोडलेलं वारूळ. ओढ्याच्या वळणावर कुणीतरी शीळ घातली म्हणून आम्ही वळून पाहिलं तर गाईड हसला. तो शीळकरी कस्तूर होता, अगदी टपोरी पोरानं घालावी तशी शीळ घालणारा पक्षी. मग रस्ता वर चढतो आणि झोळंबीचा सडा लागतो. जांभ्या दगडाचं विस्तीर्ण, सपाट पठार, जानेवारीत सोनेरी गवतानं झाकलेलं. पावसाळ्यात इथं काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. याच डोंगररांगेत पाटण तालुक्यातल्या पाथरपुंजला काही वर्षी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडलाय.

गाईडनं मात्र आणखी एक गोष्ट दाखवली, जी कुठल्याही ब्रोशरमध्ये नसते. ऐन जंगलात, कारवीच्या झुडपांमध्ये, एका ओळीत चार आंबे. जंगलात झाडं ओळीत उगवत नाहीत. जरा पाचोळा सारला तर घराच्या जोत्याचे दगड, चौरस लावलेले. पलीकडे फणस. ‘गाव व्हतं,’ एवढंच तो म्हणाला. झोळंबी हेही गावच होतं. आता नकाशावर तो सडा आहे. आधी धरणासाठी आणि पुढं अभयारण्यासाठी इथली गावं उठली. कुणी वाळव्याकडे गेलं, कुणी मिरजेकडे, कुणी आणखी कुठं. उत्तरेला कोयनेतही तेच झालं. तिथल्या धरणग्रस्तांना तर पार सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगवलं गेलं. जमीन, पाणी, नागरी सुविधा यांसाठी श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली ही माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढतायत. २०१८ मध्ये कोयनानगरला त्यांनी दीर्घ ठिय्या दिला होता. आपण टीव्हीवर ती बातमी पाहिली असेल, चॅनेल बदलताना.

संध्याकाळी आम्ही मावशींना विचारलं, तुमचं माहेर कुठलं? त्यांनी लाटण्यानं जंगलाकडे बोट केलं. ‘आत.’

लग्न होऊन त्या इकडे आल्या तेव्हा गाव जागेवर होतं. डोंगर उतरून यायला अर्धा दिवस लागायचा, डोक्यावर गाठोडं असलं तर पुरा. नंतर गाव उठलं. भाऊ आता सपाटीला, उसाच्या मुलखात राहतात. घर पक्कं आहे, दारात बस येते, पोरं कॉलेजला जातात. हे सगळं त्यांनी न कुरकुरता सांगितलं, उलट कौतुकानं. ‘भाऊबीजंला जाती की तिकडं. साडी करत्यात, रीतभात करत्यात. पर ती भावाचं घर हाय. माह्यार न्हवं.’

आणि जुन्या गावी? वर्षातून एकदा, देवीला. परवानगी काढून, सगळ्यांनी मिळून गाड्यांतून जायचं, नैवेद्य दाखवायचा, संध्याकाळच्या आत बाहेर. म्हणजे आमच्यासारखंच. फक्त आम्ही पर्यटक.

आता वाघाबद्दल बोलायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल मुद्द्याचं राहिलंच. व्याघ्र प्रकल्प झाला खरा, पण बरीच वर्षं इथं वाघ म्हणजे विष्ठा आणि ठसे. मे २०१८ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघाचा फोटो मिळाला तेव्हा पेपरात पहिल्या पानावरची बातमी झाली होती. पुन्हा मोठी सामसूम, आणि डिसेंबर २०२३ मध्ये परत एक नर. दक्षिणेकडून, गोवा-कर्नाटकच्या जंगलातून हे नर चालत येतात; मादी नसेल तर वस्ती कशी होणार? म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रवास करवून चांदोलीत आणली गेली. आधी कुंपणातल्या जंगलात ठेवून तिला इथली सवय करू दिली. ‘तारा’ हे तिचं इथलं नाव.

आमच्या क्लायंट प्रेझेंटेशनवाल्यानं मावशींना विचारलं, ‘वाघीण आणली म्हणून राग येत नाही का तुम्हाला?’

मावशींनी भाकरी उलटली. ‘तिचा कशापायी राग? तिला बी गाडीत घालूनच आणली की. इचारलं व्हतं का कुणी तिला?’

काकांचं गणित वेगळं. वाघ आला म्हणजे माणसं येतील, माणसं आली तर तिसरी खोली बांधता येईल. बांधायची की नाही, हे त्यांचं ठरत नाहीये. कारण वाघ बघायला येणारा पाहुणा बंबाचं पाणी घेईल का, अशी त्यांना शंका आहे. ‘पुण्याच्या गाड्या येत्यात जागंची चौकशी कराय,’ ते म्हणाले. ‘पाण्याच्या कडंची पायजे म्हणत्यात.’ गव्यांनी खाल्लेल्या हरभऱ्याच्या भरपाईचा अर्ज त्यांच्या खिशातच होता, घडी पडून मऊ झालेला. मला विचाराल तर वाघ यायलाच हवा. पण तो आल्यावर होणाऱ्या कमाईतला पहिला वाटा या ओसरीवर पोचायला हवा, आणि तो पाण्याकडेच्या स्विमिंग पूलवाल्या रिसॉर्टमधून पोचेल असं मला तरी वाटत नाही. तेव्हा कुठं राहायचं हे आपल्या हातात आहे, निदान तेवढं.

तिसऱ्या दिवशी आम्ही कराड-पाटणमार्गे कोयनानगरला वळसा घातला. तुमच्याकडे एकच दिवस जास्त असेल तर मात्र हे सोडा आणि दुसऱ्या ट्रिपला साताऱ्याहून बामणोलीला जा. तिथून लाँचनं शिवसागर ओलांडून वासोट्याच्या पायथ्याला उतरायचं, घनदाट जंगलातून चढायचं आणि दिवसाउजेडी परत फिरायचं. मराठ्यांचा हा तुरुंग होता. १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला तेव्हा आत त्यांचेच दोन अधिकारी कैदेत सापडले. कोयनानगरला धरण लांबूनच दिसतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आठवणारी माणसं तिथं अजून भेटतात, चहाच्या टपरीवरसुद्धा. बारीक हादरे या भागाला नवीन नाहीत. फडताळातली भांडी वाजली तर घाबरू नका, असं मावशींनीही आम्हाला पहिल्याच रात्री बजावलं होतं.

जायचं असेल तर : उद्यान पावसाळ्यात बंद असतं, साधारण मध्य ऑक्टोबर ते मध्य जून हा काळ, निघण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करा. स्वतःची गाडी बरी. पेट्रोल शिराळ्यालाच भरून घ्या. रोख पैसे ठेवा, कारण रेंज नाही म्हणजे यूपीआयही नाही. जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, जॅकेट हवंच. मोठे स्पीकर घरी ठेवा. गवे समोर आले तर गाडी बंद करून गप्प बसा, हॉर्न नको. आणि उद्या किती भाकऱ्या लागतील ते आदल्या रात्रीच सांगून ठेवा. पीठ खाली आरळ्यातून दळून आणावं लागतं.