वाट पाहण्याचे काम



वाट पाहणे आपल्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही. मृगाची वाट, वाफशाची वाट, गाय व्यायची वाट, लेक माहेरी येण्याची वाट, बँकेतून पीककर्ज येण्याची वाट. शेतकऱ्याचे निम्मे आयुष्य वाट पाहण्यातच जाते. पण वाट पाहावी कशी, याचा विचार आपण कधी बसून करीत नाही. ख्रिस्ती समाजाने मात्र त्यासाठी वर्षातले जवळजवळ चार आठवडे राखून ठेवले आहेत. त्या चार आठवड्यांविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, राणीसावरगावला रेणुकामातेच्या पायाशी बसून हे कृषी खात्याचे साहेब नाताळाच्या गोष्टी कशाला सांगताहेत? कारण असे, की अहिल्यानगर जिल्ह्यात (तेव्हाचा अहमदनगर) पाणलोटाची कामे पाहायला गेलो असता एका धर्मगुरूंशी माझी ओळख झाली, आणि ती पुढे वाढली. ते खेड्यातल्या चर्चचे प्रमुख. त्यांचे लोक बहुतेक कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर. त्यांच्याशी बोलताना मला पुष्कळदा आपल्याच गावाची आठवण झाली.

नाताळ २५ डिसेंबरला असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधीचे चार रविवार ज्या काळात येतात, त्याला 'आगमनकाळ' म्हणतात. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो. चर्चचे वर्षही याच दिवशी बदलते. म्हणजे त्यांचा पाडवा सणाने उजाडत नाही, वाट पाहण्याने उजाडतो. या काळात धर्मगुरू जांभळी वस्त्रे घालतात. फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी रंग चालतो, कारण निम्मी वाट सरलेली असते. रविवारच्या उपासनेत एरवी गायले जाणारे देवाच्या गौरवाचे मोठे स्तोत्र या दिवसांत गात नाहीत. ते राखून ठेवतात आणि नाताळाच्या रात्री घंटा वाजवून गातात. पुरणाची पोळी सणापर्यंत झाकून ठेवावी, तसेच हे.

हिरव्या डहाळ्यांच्या कड्यात चार मेणबत्त्या लावायची चालही आहे. दर रविवारी एक जास्त पेटवायची. ही चाल जर्मनीतली. हॅम्बुर्ग शहरात योहान विखेर्न नावाचे एक पाळक गरीब, निराधार मुलांचा सांभाळ करीत. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले रोज विचारीत. तेव्हा १८३९ साली त्यांनी एक लाकडी चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवून रोज एक पेटवायला सुरुवात केली. मुलांना दिवस मोजता येऊ लागले. पुढे त्या चाकाचे कडे झाले आणि चार रविवारांच्या चार मेणबत्त्या उरल्या. वाट पाहणाऱ्याच्या हाती मोजायला काहीतरी दिले, की त्याचा जीव थाऱ्यावर राहतो, एवढे त्या पाळकाला कळले होते. पहिल्या पाळीपासून मळणीपर्यंत आपणही दिवस मोजतोच की!

या काळात आमच्या फादरांना श्वास घ्यायला सवड नसते. गायनाच्या तालमी, मुलांच्या नाटुकल्या, आजाऱ्यांना घरी जाऊन प्रसाद देणे, पापनिवेदनाला आलेल्यांचे ऐकून घेणे, भाऊबंदकीची भांडणे सणाआधी मिटवणे. त्यांना मी एकदा म्हणालो, "फादर, तुमची तर सुगीच चालली आहे." ते हसले आणि म्हणाले, "साहेब, सुगी पंचवीस तारखेला. आता खुरपणी चालली आहे. आणि काढणीला सगळे येतात हो, खुरपणीला कोण येतो?"

त्यांच्या मनातले शल्य हेच आहे. पुण्या-मुंबईला गेलेली पोरे चोवीस तारखेच्या रात्री येतात. मध्यरात्रीच्या मिस्सेला चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पुढच्या रविवारी बाके पुन्हा रिकामी. दुकानांत नोव्हेंबरपासूनच चांदण्या टांगलेल्या असतात आणि गाणी वाजत असतात. सण येण्याआधीच तो वापरून शिळा होतो. "वाट न पाहता मिळालेला सण पोटात जातो, अंगी लागत नाही," असे फादर म्हणतात. मला वाटते, हे त्यांच्या चर्चपुरते खरे नाही. आपल्या पोळ्याचे आणि दिवाळीचे वेगळे काय झाले आहे?

आगमनकाळात चर्चमध्ये योहान नावाच्या साधूची कथा वाचतात. तो ओसाड रानात राही आणि लोकांना सांगे, देव येतो आहे, त्याच्यासाठी वाट तयार करा. उंचवटे खाली आणा, खोलगट जागा भरून काढा, असे त्याच्या बोलण्यातले चित्र. लोकांनी विचारले, आम्ही नेमके करावे काय? तेव्हा त्याने ज्याला त्याला त्याच्या धंद्याप्रमाणे उत्तर दिले. दोन अंगरखे असलेल्याने एक नसलेल्याला द्यावा. कर गोळा करणाऱ्याने ठरल्यापेक्षा पैसाही जास्त घेऊ नये. शिपायाने कोणाला धमकावून लुबाडू नये, पगारात समाधान मानावे. हे ऐकून मी फादरांना म्हणालो, "हा तर आमच्याच खात्यातला विस्तार अधिकारी दिसतो! नुसते भाषण नाही, जमीन पाहून शिफारस!" पण घरी आल्यावर त्या पगाराच्या गोष्टीने मला बराच वेळ झोप लागू दिली नाही. सरकारी माणसाला ती लागू पडणारीच आहे.

उंचवटे आणि खोलगट जागा म्हटल्यावर आम्हा शेतीवाल्यांना बांधबंदिस्तीच आठवणार. नगर भागात हे काम खरोखर करून दाखवणारे एक धर्मगुरू होऊन गेले. फादर हर्मन बाखर हे त्यांचे नाव. मूळचे स्वित्झर्लंडचे. १९४८ साली ते भारतात आले आणि इथलेच झाले. लोक त्यांना 'बाखरबाबा' म्हणत. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचे, आणि ते गावानेच श्रमदान करून, चराईबंदी पाळून अडवायचे, या विचाराला त्यांनी आयुष्य दिले. जर्मनीची मदत आणि आपली नाबार्ड यांना जोडून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. १९९३ साली 'वॉटर' ही पाणलोटाचे काम करणारी संस्था सुरू झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. २०२१ साली ते वारले. पाणलोटात आज चर खणला तर विहिरीला पाझर पुढच्या पावसाळ्यात, कधी दोन पावसाळ्यांनी. तोवर गावाला धीर धरायला लावणे, हेच त्यातले अवघड काम. चर यंत्रानेही खणता येतो, धीर खणता येत नाही.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव तर आपल्या मराठवाड्याला परके नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. 'सुवार्ता' मासिकाचे ते पुष्कळ वर्षे संपादक होते आणि वसईची शेती, झाडे व पाणी वाचावे म्हणून लोकांबरोबर रस्त्यावरही उतरले होते. २०२४ च्या जुलैत त्यांचे निधन झाले. धर्मगुरूने जमिनीविषयी बोलावे यात नवल नाही, हे अशा माणसांकडे पाहून पटते.

आता सणाकडे येऊ. नाताळाला चर्चमध्ये आणि घरोघर गोठा मांडतात. येशूचा जन्म झाला तेव्हा आईबापांना उताऱ्याला जागा मिळाली नाही. बाळाला त्यांनी गव्हाणीत ठेवले. गव्हाण म्हणजे काय, हे शहरातल्या मुलाला समजावून सांगावे लागते. तुम्हाला नाही. कडब्याच्या चिपाडांचा तो वास, बैलाचा तो उष्ण श्वास तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. गव्हाणीचा देखावा मांडण्याची चाल संत फ्रान्सिस यांच्यामुळे पसरली. इटलीतल्या ग्रेच्चो या गावी १२२३ साली त्यांनी खरी गव्हाण, खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून नाताळ केला. २०२३ साली त्याला आठशे वर्षे झाली.

या गोठ्याभोवती हिरवे शेत दिसावे म्हणून गोव्याकडे मुले दोन-अडीच आठवडे आधी डब्यात, करवंटीत नाचणी किंवा गहू पेरतात. फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हांस भागात ४ डिसेंबरला बशीत गहू भिजत घालतात. नाताळापर्यंत तो वीतभर होतो, आणि तो दाट आला तर येणारे साल चांगले, असे मानतात. हे वाचताच मला आपला नवरात्रातला घट आठवला. रेणुकामातेपुढे नऊ दिवसांत उगवलेले धान हाती घेऊन आपली म्हातारी माणसेही तेच म्हणतात. मुलुख दूरचा, देव वेगळा, पण दाणा पेरून पुढच्या सालाचा अंदाज घ्यायची रीत एकच. मी तर म्हणतो, ही जुन्या काळची उगवण चाचणीच आहे. आम्ही आज ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायला सांगतो. सोयाबीनचे सत्तर उगवले तर बियाणे पेरण्याजोगे, गव्हाचे पंच्याऐंशी उगवायला हवेत. त्या बशीला हिशेब जोडला, एवढेच आम्ही केले.

आणि आता मुख्य गोष्ट. आगमनकाळात फादर एक काम कधीच चुकवीत नाहीत. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेले आहे, किंवा पीक गेले आहे, त्या घरी ते स्वतः जातात. अशा घरात करंज्या तळल्या जात नाहीत. शेजारी ताट आणून देतात. फादर तिथे उपदेश करीत नाहीत. "एकट्याने वाट पाहायला लागला, की माणूस खचतो. चार जणांनी मिळून पाहिली, की तीच वाट चालायची होते. मी फक्त पाचवा म्हणून जाऊन बसतो," असे ते सांगतात.

हे बोलणे मला २०२५ साली फार उपयोगी पडले. त्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यावर पावसाने काय वेळ आणली, ते तुम्ही भोगले आहे. उभे सोयाबीन पाण्यात कुजले, ओढ्याकाठच्या जमिनी खरवडून गेल्या. आमच्या भागातल्या एका कुटुंबाचा अडीच एकरांचा तुकडा असा उघडा पडला. घरचा कर्ता माणूस बोलेनासा झाला. मदत येईल, पंचनामा झाला आहे, असे सगळे सांगत होते. तो नुसता ओट्यावर बसून असे. डिसेंबरात नाताळाच्या पाच-सहा दिवस आधी वेळ अमावस्या आली. तो म्हणाला, "रानात काही नाही, तर पुजायचं काय?"

त्याच्या शेजारच्या बायांनी ते ऐकले आणि आपसात ठरवले. त्या दिवशी तीन घरांच्या टोपल्या आपापल्या रानात न जाता त्याच्या रानात गेल्या. कोणी कडब्याच्या पेंढ्या आणल्या, त्यांची कोपी उभी राहिली. पाच पांडव मांडले. भज्जी, आंबील, उंडे, बाजरीची भाकरी, सगळे तिथेच झाले. मीही जाऊन बसलो, पाचवा म्हणून. जेवण झाल्यावर तो उठला, रानाच्या खालच्या अंगाला गेला आणि माती हातात घेऊन मला म्हणाला, "साहेब, इथं गाळ साचलाय. हा वरच्या अंगाला ओढून घेतला तर उन्हाळ्यापर्यंत जमीन धरेल का?" मी म्हणालो, "धरेल. आधी बांध घालू, मग गाळ ओढू. घाई नको."

त्या कोपीत आणि त्या गोठ्यात मला फार अंतर दिसले नाही. दोन्हीकडे कडबाच, दोन्हीकडे उघड्या रानातली थंडी, आणि दोन्हीकडे माणसे मिळून कोणाची तरी वाट पाहत बसलेली.

फादरांना मी हे फोनवर सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे माणूस देवाची वाट पाहतो. तुमच्या पंढरीला देवच विटेवर उभा राहून माणसाची वाट पाहतो. तुमच्या त्या बायांनी दोन्ही एकाच दिवशी केलं."

तर मायबहिणींनो आणि बंधूंनो, तुमच्या गल्लीतही असे एखादे घर असेल. पीक गेलेले, माणूस गेलेले, किंवा नुसतेच गप्प झालेले. पुढच्या वेळ अमावस्येला तुमची टोपली त्यांच्या रानात जाऊ द्या. सण नसेल त्या दिवशी नुसते जाऊन बसा. बांधाचे, बियाण्याचे, गाईच्या विताचे बोला. शक्य झाले तर गोणपाटावर शंभर दाणे त्यांच्याबरोबर मांडा आणि आठ दिवसांनी मोजायला पुन्हा जा. आठ दिवसांनी कोणीतरी येणार आहे, हे माहीत असले, की मधले आठ दिवस निघतात.