तीन वाद्यांमागे एक गळा

दुसऱ्याच्या कानासाठी गाणी निवडणे हे दुसऱ्याच्या मुलासाठी मुलगी पाहण्याइतकेच जोखमीचे काम आहे. तरीही यंदा मी ते पत्करले. शिकागोत राहणारा माझा भाचा नोकरी सांभाळून, निव्वळ हौसेखातर, इंटरनेटवर एक छोटेसे रेडिओ केंद्र चालवतो. रात्री तीन तास त्यावर ‘स्मूद जॅझ’ लागते. स्मूद म्हणजे कुठेही न खुपणारे, कानावरून मोरपीस फिरावे तसे. वाद्यांचे तीन तुकडे झाले की एक गायलेले गाणे, असा त्याचा शिरस्ता.

“मामा, वाद्यांचे मी पाहतो, गळे तुम्ही निवडा,” त्याने फर्मावले.

“अरे, माझे इंग्रजी शाळामास्तराचे!”

“म्हणूनच! तुम्ही शब्दांत अडकणार नाही.”

या संगीताचा संसार गमतीचा आहे. १९८७ च्या फेब्रुवारीत लॉस एंजलिसला ‘द वेव्ह’ नावाचे केंद्र सुरू झाले आणि पाहता पाहता अमेरिकेतल्या इतर शहरांतही तसली केंद्रे निघाली. कचेरीत काम करताना, मोटारीतून घरी परतताना ऐकायचे हे संगीत. पण माणसाला मधूनच माणसाचा आवाज लागतोच की! ग्रोव्हर वॉशिंग्टनच्या १९८० च्या ‘वाइनलाइट’ या तबकडीत सॅक्सोफोनचेच राज्य. गळा एकदाच उमटतो, बिल विदर्सचा. जॉर्ज बेन्सनच्या १९७६ च्या ‘ब्रीझिन’मध्येही गायलेले गाणे एकच, आणि वर्षातल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचे ‘ग्रॅमी’ पारितोषिक नेमके त्यालाच मिळाले. आपल्याकडे गवई पुढे आणि सारंगी मागे. इथे गळा पाहुणा म्हणून येतो, आणि पाहुण्याने घर ताब्यात घ्यायचे नसते.

हा पाहुणा निवडण्याची तिथली रीत ऐकून मात्र मी चकित झालो. श्रोत्यांना एका दालनात बसवायचे, प्रत्येक गाण्याचे काही क्षण ऐकवायचे आणि गुण द्यायला सांगायचे. जे कोणाला खटकले ते गाणे यादीतून बाद! मला माझा वर्ग आठवला. कधीच कोणाला त्रास न देणारा मुलगा सर्वांना आवडतो. पण वीस वर्षांनी नाव आठवते ते खिडकीवर चढून बसणाऱ्याचे. कोणालाच न खटकणारे गाणे कोणाच्या काळजाला तरी कसे भिडावे? शिकागोचे या संगीताचे जुने केंद्र २००९ साली बंद झाले. त्याची कारणे अनेक असतील. पण त्याच्यासाठी किती माणसे हळहळली असतील, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

रोज रात्री वह्या तपासून झाल्या की मी ऐकत बसे. शादेचा आवाज पहिल्यांदा घेतला. ती कधी विनवणी करत नाही. नोरा जोन्स आली, ती पंडित रविशंकरांची लेक म्हणून नव्हे. तिचा आवाज उशाशी बसून बोलल्यासारखा वाटतो म्हणून. अनिता बेकरपाशी मात्र आमचे बिनसले.

“मामा, या बाईंचा आवाज लागला की हातातले काम थांबते. हे नको.”

“थांबले तर काय बिघडले?”

तो काही वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “घरी आल्यावर माझ्या कानावर पडणारा माणसाचा आवाज तेवढाच असतो, मामा. तो असा काळजातून आला, की घर फार मोठे वाटायला लागते.”

यावर मी काय बोलणार? गाणे काढावे असेही क्षणभर वाटले. पण ऐकणारा तो एकटाच थोडा आहे? त्या वेळी आणखी कोणीतरी असाच एकट्याने भांडी विसळत असेल. त्या दोघांना एकाच क्षणी हात थांबवायला लावील, असा एक तरी गळा यादीत हवाच. मी नऊ गाणी पाठवली. अनिता बेकर पाचवी. भाच्याने ती काढलेली नाही.

मात्र हल्ली ते गाणे लागून गेले की तो मला फोन करतो. तिकडे रात्र असते, इकडे शाळेला निघायची घाई. बोलण्यासारखे विशेष काही नसते. तरी आम्ही बोलतो.