वाईच्या घाटाखाली
आमच्या दिवंगत दादांची येझदी म्हैसुरास घडलेली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. पांचगणीस वहिनींकडे ती पोहोचविण्यास निघालो, तो वाईस डावी धूरनळी गंजून फुटली. एका सिलिंडरास दोन धूरनळ्या, ही या यंत्राची हौस! कारागिरांनी निराळ्या सालच्या गाडीची नळी काढिली. तिचा बाक जुळेना. ती ओढून बसवावी, असा आम्ही आग्रह धरिला. “मग आटेच जातील,” ते म्हणाले. त्यांनी आत कोरडी वाळू भरून नळी तापविली, हळूहळू वाकविली, वाळू झाडली आणि आकड्याच्या पान्याने चक्री आवळली. उजवी नळीही बदला म्हणत होते. पण तिच्यावरील पोचे दादांच्या हातचे. ढोल्या गणपतीस हात जोडून पसरणीचा घाट चढलो. आवाज किंचित् बेसूर लागे. वहिनी मात्र तो ऐकून फाटकाशी आल्या होत्या.