डेल्फ्टच्या दोन मोलकरणी

७ जुलै

ट्रेसी शेवालिएची ‘गर्ल विथ अ पर्ल इअरिंग’ काल रात्री हाती घेतली. कादंबरी १९९९ ची, कथा सुरू होते १६६४ मध्ये, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात. सोळा वर्षांची ग्रीट सूपसाठी भाजी चिरते आहे. चिरलेली प्रत्येक भाजी तिने गोलात वेगळी मांडली आहे, आणि नारिंगी गाजराशेजारी जांभळा कोबी येऊ दिलेला नाही. घरी आलेला चित्रकार योहानेस व्हर्मीर नेमकं तेच हेरतो आणि कारण विचारतो. तिचं उत्तर असं, की ते रंग शेजारी आले की भांडतात.

प्रेमकथा इथेच सुरू झाली. एकाने दुसऱ्याची नजर ओळखली, एवढंच घडलं, आणि पुढच्या सगळ्या पानांना तेवढं पुरतं.

९ जुलै

अर्धी झाली. ग्रीटचे वडील टाइल्सवर चित्रं रंगवायचे. भट्टीच्या स्फोटात त्यांचे डोळे गेले, म्हणून तिला व्हर्मीरच्या घरी राबावं लागतंय, दिवसाला आठ स्टायव्हरवर. चित्रकाराची खोली झाडायची, पण एकही वस्तू जागची हलल्यासारखी दिसता कामा नये. मग ती हाताने अंतरं मोजते, धूळ पुसते आणि त्याच मापाने वस्तू परत ठेवते. पुढे तो तिला खिडकीतून ढग बघायला लावतो. पांढरे म्हणणाऱ्या ग्रीटला हळूहळू त्यात निळा, पिवळा दिसू लागतो. मी मुलांना चित्रकला शिकवते. हा प्रसंग वर्गात वाचून दाखवणार आहे.

नंतर माळ्यावर रंग घोटणं येतं. जाळलेल्या हाडाचा काळा, शिशाचा सफेदा, मंजिष्ठेचा लाल, लाजवर्दाचा निळा. आणि हे सगळं व्हर्मीरच्या बायकोला, कॅथरिनाला, कळू न देता. कादंबरीतलं सगळ्यात उत्कट प्रेम मला या माळ्यावर भेटलं. स्पर्श जवळजवळ नाहीच. दोघं एकाच कामात बुडालेली.

तो निळाही साधा नव्हे. लाजवर्द दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून युरोपात पोचायचा, त्यामुळे रंग अतिशय महाग. व्हर्मीरने तो वरून दिसणार नाही अशा खालच्या थरांतसुद्धा वापरला. डिसेंबर १६७५ मध्ये तो ४३ व्या वर्षी गेला तेव्हा मागे अकरा मुलं आणि कर्ज होतं. बेकरीवाल्याची ६१७ गिल्डरांची बाकी होती. त्यापोटी विधवेला दोन चित्रं द्यावी लागली.

१० जुलै

कादंबरीला जिचं नाव मिळालं ते व्हर्मीरचं खुद्द चित्र केवढंसं! ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात असतं. १८८१ मध्ये लिलावात ते दोन गिल्डर आणि तीस सेंटला गेलं होतं. चेहरा कोणाचा, याची नोंद कुठेच नाही. डच चित्रकार ‘ट्रोनी’ नावाचा प्रकार रंगवत: ओळखीच्या व्यक्तीचं चित्र नव्हे, नुसता एक चेहरा, एक भाव. हे चित्र त्यातलंच मानतात. २०१८ मध्ये संग्रहालयाने त्याची कसून तपासणी केली. मागचा काळोख मुळात हिरवा पडदा होता, डोळ्यांना बारीक पापण्या होत्या, आणि मोत्याला कानात अडकवणारी कडी कधी रंगवलेलीच नव्हती. मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचे मोजके फटकारे.

१३ जुलै

कान टोचण्याचं प्रकरण वाचून दुपारभर बेचैन होते. कादंबरीत या चित्रासाठी ग्रीटच बसते, आणि मोती कॅथरिनाचे आहेत. ग्रीट लवंगेचं तेल लावून स्वतःच कान टोचून घेते. मग व्हर्मीर दोन्ही कानांत मोती घालायला सांगतो. दुसरा कान चित्रात दिसणारच नाही, तरीही! ती तोही टोचते. अनेक वाचकांना हा प्रसंग शृंगाराचा शिखरबिंदू वाटतो. मला त्यात मालकाचा हुकूम दिसला. त्याला चित्र हवं आहे, आणि त्यापायी मोलकरणीची नोकरी, अब्रू, कान काहीही गेलं तरी चालेल. शेवालिए हे लपवत नाही, याचं मला मोठं मोल वाटतं.

१४ जुलै

पुस्तक संपलं, आणि मनात राहिली ती टानेके. त्या घरातली जुनी मोलकरीण, तोंडाने फटकळ, ग्रीटवर जळणारी. ग्रीट काल्पनिक आहे. टानेके एव्हरपूल मात्र खरोखर होऊन गेली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक जॉन मायकेल मॉन्टियास यांनी डेल्फ्टची जुनी दफ्तरं चाळून १९८९ मध्ये व्हर्मीरच्या गोतावळ्यावर ग्रंथ लिहिला, त्यात ती भेटते. कॅथरिनाचा भाऊ विलेम हिंसक होता. कॅथरिनाचे दिवस भरत आले असताना तो तिच्यावर काठी घेऊन धावून गेला. टानेके मध्ये पडली, आणि १६६६ साली तिने त्याबद्दल जबानी दिली. दूध ओतणाऱ्या मोलकरणीचं व्हर्मीरचं जे चित्र आम्स्टरडॅममध्ये आहे, त्यासाठी तीच बसली असावी असा काहींचा तर्क आहे. शेवालिएने तो उचलला आहे. विलेमची हकीकतही कादंबरीत येते, पण ओझरती. सगळा उजेड ग्रीटच्या वाट्याला, कुरकुर तेवढी टानेकेच्या.

नसलेल्या मुलीला प्राण देणं हे कादंबरीकाराचं काम, आणि ते शेवालिएने अप्रतिम केलं आहे. रंगांवर इतकं प्रेम करणारी कादंबरी माझ्या वाचनात दुसरी नाही. पण मालकिणीला वाचवायला स्वतः पुढे झालेल्या खऱ्या बाईला तिने नुसती मत्सरी करून सोडलं, आणि हा टानेकेवर अन्याय आहे.