फुटबॉलचे बूट

गेवराईकडचा आमच्या वस्तीतला एक पोरगा आईबापासोबत ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेला आणि फुटबॉलचे वेड घेऊन आला. परवा त्याची आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही बी.कॉम. शिकलेले. खेळून पोट भरंल का?"

मी कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे सांगितले. रिक्षावाल्याचा मुलगा. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. २०१९ ला जमशेदपूरकडून इंडियन सुपर लीगमध्ये आला, २०२१ ला हैदराबादकडे गेला. तो संघ पुढच्याच वर्षी विजेता ठरला.

"पण ताई, मोठ्या लीगमध्ये करार झाला म्हणजे मैदानावर जागा मिळाली, असे नसते. पुढच्या फळीत बहुतेक परदेशी खेळाडू, आपली पोरं बाकावर. गुडघा गेला की करारही गेला. बारावी तेवढी सोडू देऊ नका."

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "बूट केवढ्याला येतेत, भाऊ?"