आधी बैठक, मग दोर

रायगडच्या किनारपट्टीवर व्यापार म्हटला की पिकअप आलीच. किराण्याची पोती, पेणच्या गणेशमूर्ती, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, आंब्याच्या पेट्या, लग्नघरचे मांडवसाहित्य, सारे काही तिच्या हौद्यातूनच जाते. २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली, लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले आणि लहान दुकानदारालाही स्वतःचे मालवाहू वाहन परवडू लागले. मात्र वाहन दारात आले म्हणजे माल बांधण्याची विद्याही घरात आली, असे होत नाही. ती विद्या पूर्वी हमालाच्या हातात होती. पोते कोठे आडवे घालावे, कोठे उभे करावे, दोर कोणत्या कडीतून फिरवावा, हे त्याला न सांगता कळत असे.

पोत्यांचे एक बरे असते. ती एकमेकांना धरून बसतात. खरी परीक्षा होते ती एकसंध, उंच आणि जड वस्तूच्या वेळी. तिजोरी, शीतकपाट किंवा अलीकडच्या हौसेप्रमाणे हौद्यावर ठेवायची छोटी खोली. अमेरिकेत अशी खोली पिकअपच्या हौद्यात सरकवून बसविण्याची प्रथा जुनी आहे. तिला चार पाय असतात. मुक्कामी ते खाली सोडून खोली उचलायची आणि वाहन खालून काढून घ्यायचे. आठवडाभर मालवाहतूक आणि सुट्टीत घर, असा हा दुहेरी उपयोग. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. तेव्हापासून चाकांवरच्या घराची कल्पना आपल्याकडेही परकी राहिलेली नाही.

मुरूड तालुक्यातील एका व्यापारी कुटुंबात हीच कल्पना रुजली. घरातील आजींना बाहेरचे अन्न चालत नाही आणि सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे लागते. स्वयंपाकघर सोबत असले तर आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला, तेथून श्रीवर्धन आणि हरिहरेश्वरला निश्चिंतपणे जाता येईल, असा मुलांचा विचार. त्यांनी दुकानाच्या छोट्या हत्तीसाठी पत्र्याची खोली करून घेतली आणि मजबूत पट्टेही आणले. वडिलांनी चाळीस वर्षे गल्ला आणि गोदाम दोन्ही सांभाळलेले. त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलेच नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले : वजन किती, खाली काय, आणि आत कोण बसणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडले गेले. खोली ६०० किलो. पाण्याची टाकी २०० लिटर, म्हणजे आणखी २०० किलो. भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलो. अंथरुणे, भांडी आणि शिधा वेगळाच. छोट्या हत्तीची मूळ क्षमता साधारण पाऊण टनाची. म्हणजे माणूस बसण्यापूर्वीच हिशेब तुटीत गेला. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेनंतर २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड आहे. पण दंड हा त्यातला लहान खर्च. ब्रेक आणि टायर ज्या भारासाठी घडविलेले नाहीत, तो भार उतारावर थांबविण्यास सांगणे हा मोठा धोका. म्हणून खोली मोठ्या क्षमतेच्या पिकअपवर न्यावी, टाकी मुक्कामी पोहोचल्यावर भरावी, आणि अंदाजावर न जाता वजनकाट्याची पावती घ्यावी, असे ठरले. भाराचा मध्य मागच्या आसाच्या पुढे असावा, हेही त्यात आले. तो मागे गेला की वाहनाचे नाक हलके होते आणि सुकाणू हाताला जुमानत नाही.

दुसरा प्रश्न बैठकीचा. भार बांधण्याच्या युरोपीय प्रमाणात असे धरतात की जोराचा ब्रेक लागला तर माल आपल्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे आणि वळणावर ५० टक्के जोराने बाजूला सरकू पाहतो. म्हणजे ६०० किलोच्या खोलीचा पुढे रेटा ४८० किलोचा. ओल्या, गुळगुळीत पत्र्यावर घर्षण त्यातील जेमतेम १२० किलो रोखते. तेथेच घसरणरोधक रबरी चटई अंथरली तर सुमारे ३६० किलो रोखले जातात. काही शे रुपयांची चटई महागड्या पट्ट्याचे अर्धे काम आधीच करून ठेवते. उरलेल्या रेट्यासाठी खोली आणि हौद्याची पुढची भिंत यांमध्ये पोकळी न ठेवता लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत. पोकळी राहिली तर माल नुसता सरकत नाही, धडकतो.

यानंतर पट्ट्यांची पाळी. चार कोपऱ्यांना चार, आणि तेही कोनाचा विचार करून. वरून टाकलेला पट्टा जितका उभा, तितका तो मालाला खाली दाबतो. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला की दाबणारा जोर निम्माच उरतो. किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे : खारी हवा. रंगाखाली गंज पत्रा खात असतो आणि त्या पत्र्याला जोडलेली कडी वरून मात्र चकचकीत दिसते. झटका बसला की पत्र्यासकट कडी उपटून येते. म्हणून कड्या खालच्या चौकटीला धरून असाव्यात आणि पावसाळ्यानंतर त्या हातोडीने ठोकून पाहाव्यात. नायलॉनचा दोर ताणला जातो. तेव्हा पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर, कार्लेखिंडीसारख्या चढावापूर्वी आणि फेरीबोटीच्या धक्क्याच्या उतारावर चाके टेकण्यापूर्वी थांबून पुन्हा आवळणे हे आळशी माणसालाही परवडणारे काम आहे.

खोली कायमची वेल्ड करून टाकावी, असा सोपा मार्ग मुलांनी सुचविला. तोही मागे पडला. कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. आरटीओकडे विचारणा केल्यावाचून तसे करणे म्हणजे अपघाताच्या दिवशी विम्याच्या कागदावर आपणच प्रश्नचिन्ह उमटविणे.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र घरात शांतता पसरली. आजींना आत पलंगावर निजवून न्यावे, हाच तर सगळा बेत होता. परंतु मालवाहू वाहनातून विनामूल्य प्रवास करणाऱ्यांच्या भरपाईचे दायित्व विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. तो बोजा मालकावर, म्हणजे त्या घरावर आणि पेढीवरच पडतो. “पैसे भरता येतील,” वडील म्हणाले, “आई भरून येणार नाही.” पट्टा खोलीला धरतो, खोलीच्या आतील माणसाला तो धरत नाही.

शेवटी आजी नातवाच्या मोटारीत, आसनाचा पट्टा लावून गेल्या. खोली पिकअपवरून मागून आली आणि मुक्कामी चार पाय रोवून उभी राहिल्यावरच तिची चूल पेटली. सूर्य मावळण्यापूर्वी जेवणेही झाली. प्रवासाला एक वाहन आणि थोडे इंधन जास्त लागले, इतकेच.

व्यापारात उधारी देताना आपण आधी पत पाहतो, मग तारण, आणि सही सर्वांत शेवटी घेतो. हौद्यातील मालाचा क्रमही तोच आहे. वजन ही त्याची पत, बैठक हे तारण आणि दोर ही शेवटची सही. पहिल्या दोन गोष्टी पोकळ असतील तर नुसत्या सहीवर कोणताही व्यवहार तरत नाही. दिवाळीत किंवा लग्नसराईत पिकअप भरताना घरातील एकाने तरी दोर मागण्यापूर्वी वाकून हौद्याचा तळ पाहावा.